पाणी आलं का?

रविवारी रात्री जेवणं उरकली की आमच्या लातूरच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. ह्यांची बॅग दाराशी भरून ठेवलेली असते. वरच्या कप्प्यात शेंगदाण्याची चटणी आणि दोन दिवस टिकतील एवढी धपाटी. रात्रीची लातूर एक्स्प्रेस, सकाळी पुणं, तिथून चाकणची कंपनी. २०१७ साली ही गाडी बिदरपर्यंत नेली तेव्हा लातुरात आंदोलनं झाली. बाहेरच्यांना तो हट्ट वाटला असेल. पण बर्थ मिळाला नाही की माणूस रविवारी दुपारीच ट्रॅव्हल्सच्या मागं धावतो आणि लेकरांच्या वाट्याची एक संध्याकाळ जाते, हे आमच्यासारख्या घरांना ठाऊक आहे.

माझं माहेर नांदेडचं. अण्णा किनवटला शिक्षक होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मुदखेडवरून येणाऱ्या मीटरगेजनं घरी यायचे. आई त्यांना अडचणीचं काही म्हणजे काही सांगायची नाही. "एका मुक्कामाला आलेत, कशाला डोक्याला ताप?" भावाचं दुखणं, रॉकेलची रांग, थकलेलं भाडं, सगळं ती एकटीच गिळायची. अण्णांना पाणी हातात मिळायचं. माठ कुठल्या कोपऱ्यात ठेवलाय, हे त्यांना माहीत नसायचं. रिटायर होऊन आले तेव्हा स्वतःच्याच घरात ते विचारून विचारून वावरायचे. आईच्या त्या मायेनंच त्यांना पाहुणा करून टाकलं, असं मला आज वाटतं, आणि दोघांसाठीही जीव तुटतो.

लग्नानंतर मीही तेच करत होते. शनिवारी घर आवरून, पोरीला दटावून, हसऱ्या चेहऱ्यानं दार उघडायचे. २०१६च्या उन्हाळ्यानं ते मोडलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून पाणवठ्यांवर जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची 'जलदूत' धावू लागली. कुर्डुवाडीपासून इकडं रूळ एकच. त्याच रुळावरून पाणी यायचं, त्याच रुळावरून हे.

टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. शाळेतून येऊन मी घागरी लावायची, शेजारच्या काकू पोरीला धरून बसायच्या. एका रात्री फोनवर मला रडूच आलं. कंबर धरली होती, पोरीला ताप होता, पिंपात वीतभर पाणी. पहिल्यांदाच सगळं सांगून टाकलं. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" त्या शनिवारी पहाटे आले ते बूट न काढताच घागरी घेऊन हौदावर गेले. पोरगी पायरीवर उभी राहून मोजत होती, "पप्पा, अकरा!" निळ्या पिंपावर तिनं खडूनं रेघा ओढल्या. कडेपर्यंत पाणी चढलं तेव्हा ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि आम्ही तिघं उगीचच पिंपात डोकावून बघत होतो.

तेव्हापासून फोन सुरू होतो तो "पाणी आलं का?" यानंच. "कशी आहेस" त्यातच येतं. मग मी सगळं सांगते: गॅस संपला, गणितात कमी मार्क पडले, मामंजींची बीपीची गोळी बदलली. सगळं निभतं असं नाही. मध्यरात्री पोरीला ताप चढला की अजूनही मी एकटीच असते, फोन असतो तिकडं पुण्यात, आणि रिक्षा शोधायची असते इथं.

काल विचारलं, "पिंपाची तोटी गळायलीय का अजून?"

"गळायलीय. खाली गंज ठेवलाय."

"राहू दे. शनिवारी वायसर घेऊन येतो."

वायसर बदलायला मला दहा मिनिटंही लागत नाहीत. पान्हा कपाटातच आहे. रात्रभर गंजात थेंब पडत राहिले. सकाळी ते पाणी मी तुळशीला घातलं आणि गंज परत तोटीखाली ठेवला.