पारध गुन्हा कोणी ठरवली?

पारधी म्हटले की आपल्यातल्याही अनेकांच्या तोंडून 'चोर' आणि 'शिकारी' हे शब्द एकाच सुरात निघतात. विदर्भातल्या पारधी बेड्यांवर काम करताना आम्हाला हे फार टोचते.

इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या कायद्यांनी जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून गेला. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ज्या तितरावर घर चालायचे तो पकडणे हाच गुन्हा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकार आणि फासे लावणे स्पष्ट शब्दांत वगळले. गंमत अशी की निकोबारच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क १९७२ च्याच कायद्याने राखले आहेत. म्हणजे सरकारला हा प्रश्न कळत नाही असे नाही.

बेड्यावरचे म्हातारे आजही तोंडाने असा आवाज काढतात की झुडपातून तितर उत्तर देतो. कोणता पक्षी कोणत्या गवतात उतरतो, फास किती उंचीवर बांधायचा, पाळलेल्या तितराला बोलते कसे करायचे, हे सगळे त्यांना पाठ. गायपारधी तर गायीच्या आडून सावजापर्यंत जात. वाशीम-अकोल्याकडे याच जाणकारीच्या बळावर फासेपारध्यांनी तणमोरासाठी गवताळ माळ राखले आहेत. एरवी मात्र या विद्येला पदवी नाही, केस मिळते.

आमचे काही धम्मबांधव विचारतात, "मग पहिल्या शीलाचे काय?" मित्रांनो, शील आपण स्वतः घेतो, दुसऱ्याच्या भुकेवर लादत नाही. कोण काय खातो यावरून माणसाला बाटवण्याचा इतिहास बाबासाहेबांनीच आपल्यापुढे उलगडला. अस्पृश्यांविषयीच्या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांना एकाच रांगेत मांडले आहे. ती रांग आपण का मोडतो?

जंगल शिकारीला मोकळे करा, असे आम्ही म्हणत नाही. बेड्यावरची पोरेही तसे म्हणत नाहीत. त्यांना जातीचा दाखला हवा, घराखालची जागा नावावर हवी. आणि गावात चोरी झाली की पहाटे सगळ्यात आधी बेड्यावर येणारी पोलिसांची गाडी थांबायला हवी. पुढच्या वेळी ती आली तर आपल्यापैकी किती जण ठाण्यात जाऊन उभे राहणार आहेत?