प्रकाश तोलणारा इतिहासकार

प्रिय भाचीबाई,


परवा फोनवर तू म्हणालीस, की प्रयोगशाळा सोडवत नाही आणि रसायनशास्त्राचा इतिहासही लिहावासा वाटतो. त्यावर कुणीतरी तुला सुनावलं, की इतिहास हा निवृत्त माणसांचा उद्योग. मला लगेच योझेफ मारिया एडर आठवला. फोनवर हे सगळं मावलं नसतं, म्हणून हे पत्र.

एडर १८५५ साली डॅन्यूबकाठच्या क्रेम्स गावी जन्मला आणि शिकायला व्हिएन्नाला गेला. फोटोग्राफी तेव्हा बरीचशी हातगुणावर चालायची. ऊन किती, फोटोची काच किती वेळ उघडी ठेवायची, सगळा अंदाजाचा मामला. एडरला आकडा हवा होता. १८७९ साली त्याने त्यासाठी मर्क्युरिक क्लोराइड आणि अमोनियम ऑक्झलेट यांची द्रावणं एकत्र केली. हे मिश्रण अंधारात पाण्यासारखं नितळ राहतं. उजेडात आणलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, द्रावण गढुळतं आणि कॅलोमेलचा पांढरा साका तळाशी बसतो. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा आणि तराजूत घालायचा. साका जितका जड, तितका उजेड जास्त. थोडक्यात, पठ्ठ्याने प्रकाशाचं वजन केलं! मात्र त्यात एक मेख होती. या मिश्रणावर परिणाम होतो तो मुख्यतः अतिनील किरणांचा. लाल-पिवळा प्रकाश त्याच्या हिशेबात जवळजवळ येतच नाही. ही मेख लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

फोटोच्या काचांचंही दुखणं तसंच होतं. निळं आकाश पांढरंफटक उमटायचं आणि पिवळं फूल काळं. काचेवरच्या थरात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर ती इतर रंगांनाही दाद देते, हे बर्लिनच्या फोगेलने १८७३ साली दाखवलं होतं. एडरने १८८४ मध्ये त्यासाठी एरिथ्रोसिन निवडलं. केकवरच्या चेरीला लालभडक करतात ना, तेच. त्यामुळे काचेला हिरवा आणि पिवळा दिसू लागला. लाल मात्र तरीही काळाच राहिला.

१८८८ साली व्हिएन्नात त्याच्या हाताखाली फोटोग्राफी आणि मुद्रणाची सरकारी शिक्षण-संशोधन संस्था सुरू झाली. रसायनांच्या बाटल्या, कॅमेरे आणि छपाई एकाच छताखाली. १९२२पर्यंत तो तिचा संचालक होता. रोंटगेनच्या क्ष-किरणांची बातमी १८९६च्या जानेवारीत जगभर झाली, आणि काही आठवड्यांतच एडर आणि त्याचा सहकारी एडुआर्ड फालेंटा यांनी १५ चित्रांचा संच छापून काढला. मासे, बेडूक, साप, माणसाचा हात. एकेक काटा, एकेक हाड मोजून घ्यावं असं काम!

या सगळ्या धबडग्यातच त्याचा फोटोग्राफीचा इतिहासही लिहून होत होता. १८८४पासून निघू लागलेल्या त्याच्या फोटोग्राफीच्या भल्यामोठ्या संदर्भग्रंथाचा तो एक भाग. तोच वाढत वाढत त्याची १९०५ची तिसरी आवृत्ती निघाली आणि १९३२ साली, वयाच्या ७७व्या वर्षी, दोन खंडांची चौथी. कुणी काही शोधलं म्हटलं की एडर विचारणार: क्षार कोणता वापरला? बदल उष्णतेने झाला की प्रकाशाने? हे प्रश्न ग्रंथालयात बसून सुचत नाहीत, त्यासाठी बोटांना सिल्व्हर नायट्रेटचे डाग पडलेले असावे लागतात.

योहान हाइनरिश शुल्त्से त्याला सापडला तो असाच. हा अठराव्या शतकातला जर्मन वैद्यकाचा प्राध्यापक. अंधारात चमकणारा पदार्थ बनवायला त्याने खडूवर नायट्रिक आम्ल ओतलं. त्या आम्लात थोडी चांदी होती. खिडकीतलं ऊन लागलेल्या बाजूला ते मिश्रण काळवंडलं, मागची बाजू पांढरीच राहिली. शुल्त्सेने ते विस्तवाजवळ धरून पाहिलं, तर काही झालं नाही. म्हणजे करणी उन्हाची, उष्णतेची नाही. मग त्याने अक्षरं कापलेला कागद बाटलीला गुंडाळला आणि उन्हाकडून खडूवर अक्षरं उमटवून घेतली. बाटली हलवली की ती पुसली जात. १७२७ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. १९१७ मध्ये एडरने त्याचं चरित्र लिहिलं आणि शीर्षकातच त्याला पहिल्या छायाचित्रण पद्धतीचा शोधक ठरवून टाकलं. गंमत म्हणजे त्याच शीर्षकात शुल्त्से वैद्यकाच्या इतिहासलेखनाचा प्रवर्तकही आहे. शास्त्र आणि इतिहास दोन्ही हाताळणारा पूर्वज एडरला भेटला होता!

फ्रेंचांना हे पटणं शक्य नव्हतं. जॉर्ज पोतोनिएसारखे इतिहासकार म्हणत, कॅमेरा नाही, चित्र टिकत नाही, मग फोटोग्राफी कसली? मान कॅमेऱ्यातलं चित्र टिकवणाऱ्या फ्रेंच निएप्स आणि दागेरचाच. यात देशाभिमान दोन्हीकडे होता, पण मला खरी मेख दुसरीच वाटते. एडरने इतिहासही आपल्या तराजूत तोलला. प्रकाशाने चांदीचा क्षार काळा पडला आणि कुणीतरी तो हेतुपुरस्सर पाडला, एवढं त्याच्या तराजूत उतरलं. समोरचं दृश्य धरून ठेवायची निएप्सची धडपड, ते कायमचं टिकवायची हाव, हे त्यात फारसं उतरलंच नाही. माझं मत विचारशील तर शुल्त्सेला प्रकाशरसायनाचा पाया घालणाऱ्यांत बसवावं, फोटोग्राफीचा जनक म्हणू नये. पण एडरने हट्टाने त्याची बाजू लढवली नसती, तर आपण हा वाद घालायला तरी शुल्त्से कुठून आणला असता?

तेव्हा प्रयोगशाळा सोडू नकोस. शुल्त्सेचं चरित्र आलं तेव्हाही एडर संचालकाच्या खुर्चीतच होता, निवृत्तीला आणखी पाच वर्षं होती. ज्याच्याबद्दल लिहिशील त्याचा प्रयोग जमेल तेवढा स्वतः करून बघ. आणि मसुदा झाला की रसायनाचा गंध नसलेल्या एखाद्या चित्रकाराला वाचायला दे. तुझ्या तराजूला जे दिसणार नाही, ते त्याला दिसेल. त्याने खोडलेलं सगळं मान्य करायची गरज नाही, पण उत्तर मात्र प्रत्येक आक्षेपाला दे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा