मुक्तमूलकाची बांधिलकी

'मुक्त' हा शब्द मराठी कानाला मोठा प्रिय आहे. संतपरंपरेच्या छायेत वाढलेल्या आम्हां लोकांच्या डोळ्यांपुढे तो शब्द ऐकताच सर्व पाश गळून पडलेला, निश्चिंत आणि शांत असा जीव उभा राहतो. रसायनशास्त्राने मात्र हाच शब्द अगदी उलट स्वभावाच्या वस्तूला दिला आहे. त्या शास्त्रातील 'मुक्तमूलक' हा कमालीचा उतावळा असतो. रेणूमधला बंध म्हणजे बहुधा दोन इलेक्ट्रॉनांची जोडी. ती जोडी मधोमध फुटली की एकेक इलेक्ट्रॉन एकाकी राहतो आणि त्याला धारण करणारा तुकडा पुन्हा जोडीदार मिळवण्यासाठी धडपडू लागतो. हाच मुक्तमूलक. सुटला खरा, पण त्या सुटण्यात त्याला स्वस्थता नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते शेवेमुळे. आमच्या माळव्यात शेव हे जेवणाचे एक अंगच आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर नववीतील एका मुलीने विज्ञानाच्या तासाला विचारले, की घट्ट झाकणाच्या डब्यातली शेव टिकते आणि उघड्या डब्यातल्या शेवेला खवट वास येतो, तो का? हवेतील प्राणवायूमुळे, असे शिक्षकांनी सांगितले. "मग सर, तो प्राणवायू इतके दिवस तेलाशी नेमके करतो तरी काय?" हा तिचा पुढचा प्रश्न. तो शिक्षकांच्या खोलीतून आमच्या खोलीपर्यंत आला. आम्ही मराठीचे एम. ए.; पण प्रश्न मनात रुतला आणि आम्ही वाचू लागलो.

उत्तर खो-खोच्या खेळासारखे आहे. तेलाच्या एखाद्या रेणूतून हायड्रोजनचा एक अणू निघून गेला की तो रेणू मुक्तमूलक बनतो. तो प्राणवायूला बिलगतो आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. त्याला विसावा मिळतो. पण शेजाऱ्याला 'खो' मिळालेला असतो! आता तो धावतो आणि आणखी कोणाला तरी उठवतो. अशा रीतीने एका आरंभातून शेकडो रेणू बिघडतात. याला शृंखला अभिक्रिया म्हणतात. तिच्यातून जी द्रव्ये निपजतात आणि पुढे फुटतात, त्यांचा तो खवट वास.

मुक्तमूलकाचे अस्तित्व प्रथम पटवले ते मोझेस गोम्बर्ग यांनी. युक्रेनमधून १८८४ साली कुटुंबासह परागंदा होऊन अमेरिकेत आलेला हा तरुण पुढे मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९०० साली ते दोन अवजड तुकड्यांचा एक रेणू जोडू पाहत होते. हवेत काम केले की भलतेच पांढरे द्रव्य हाती येई. हवा दूर ठेवली की पिवळे द्रावण मिळे आणि हवा लागताच त्याचा रंग उडे. तीनच बंधांचा, एक हात रिकामा असलेला कार्बन त्यात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कार्बनला चार बंध असलेच पाहिजेत, ही त्या काळची दृढ धारणा असल्यामुळे कित्येकांना ते मान्य होण्यास फार दिवस लागले.

पुढे या विद्येचे एक मोठे पीठ कॅनडाच्या राजधानीत, ओटावा येथील नॅशनल रिसर्च कौन्सिल या सरकारी संस्थेत उभे राहिले. नाझी जर्मनीतून बाहेर पडावे लागलेले गेरहार्ड हर्झबर्ग तेथलेच. रेणूंच्या, विशेषतः मुक्तमूलकांच्या रचनेच्या अभ्यासासाठी त्यांना १९७१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच संस्थेत १९५१ साली इंग्लंडहून आलेल्या कीथ इंगोल्ड यांनी, हा खो किती वेगाने दिला जातो, हे मोजण्यात आयुष्य वेचले. जीवनसत्त्व ई या खेळाला अडवते. ते स्वतः खो घेते, पण सहसा पुढे देत नाही. मानवी रक्तद्रवातील स्निग्धांश राखणारे प्रमुख द्रव्य तेच, हे इंगोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवले.

याच वर्तुळातील डॅनियल वेनर या रसायनशास्त्रज्ञाची वाटचाल आम्हांला विशेष बोधप्रद वाटते. १९८५ साली वेनर, बर्टन, इंगोल्ड आणि लॉक यांनी रक्तद्रवाची मुक्तमूलके झेलण्याची एकूण शक्ती मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. रक्तद्रवात ठराविक गतीने मुक्तमूलके निर्माण करायची आणि प्राणवायू किती खर्च होतो ते पाहायचे. राखणदार शिल्लक आहेत तोवर खर्च रोखलेला राहतो. तो काळ हेच शक्तीचे माप. या शक्तीत युरिक आम्लाचा वाटा मोठा आणि जीवनसत्त्व ई चा लहान, असे १९८७ साली दिसून आले. १९८८ साली वेनर यांनी मॅकफी व ग्रिलर यांच्यासह वेगळेच काम पुढे आणले. लुकलुकत्या प्रकाशाने क्षणजीवी मुक्तमूलके निर्माण करायची आणि त्याच तालावर येणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह टिपून, ती इलेक्ट्रॉन किती सहज देतात वा घेतात, हे मोजायचे.

यानंतर हे संशोधन थेट सिलिकॉनच्या पृष्ठावर गेले. वरवर पाहता हा विषय दुसऱ्याच मुलखातला. कुठे रक्त, आणि कुठे संगणकाच्या चकत्यांचे ते करडे, चकचकीत मूलद्रव्य! पण सिलिकॉनच्या पृष्ठावरील अणूंचे मोकळे हात हायड्रोजनने झाकता येतात; आणि त्यातला एक हायड्रोजन निघाला की खाली उरतो तो पुन्हा एकाकी इलेक्ट्रॉनच. १९९३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लिनफर्ड आणि चिडसी यांनी अशा पृष्ठावर कार्बनसाखळ्यांचा एकाच रेणूच्या जाडीचा थर थेट सिलिकॉनला जोडून दाखवला होता. २००० साली ओटावाच्या लोपिन्स्की, वेनर आणि वोल्को यांनी 'नेचर' या नियतकालिकात त्याहून नवलाची गोष्ट मांडली. हायड्रोजन नसलेल्या एका जागी स्टायरीनचा रेणू चिकटला. चिकटताच तो स्वतः मुक्तमूलक झाला. त्याने शेजारचा हायड्रोजन ओढला आणि तेथे नवी रिकामी जागा झाली. तिथे दुसरा रेणू, मग तिसरा. अणूंच्या ओळीवर रेणूंची सरळ रांग आपोआप वाढत गेली आणि स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसली. तेलाला नासवणारा तोच खो येथे रचना करू लागला होता.

हा वृत्तांत आम्ही कौतुकापुरता सांगत नाही. यंदा त्या मुलीचे वडील अकरावीच्या प्रवेशाचे विचारायला आले होते. "सर, एकदाचे काय ते सांगा. गणित की जीवशास्त्र? कोणत्या लाइनला नोकरी आहे?" कष्टाने संसार चालवणारा तो गृहस्थ, त्याची चिंता खोटी नव्हती. आम्ही म्हणालो, "भाऊसाहेब, विषय तिला आवडेल तो घेऊ द्या. मात्र ती विचारते ते प्रश्न घरात कोणी थांबवू नका." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रश्नांनी पोट भरते का, सर?" पोट भरेलच, अशी हमी देणारे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही.

परंतु ओटावाच्या त्या प्रयोगशाळेला कोणती लाइन म्हणावी? रक्ताचे काम जीवशास्त्राचे, विजेचे भौतिकीचे, सिलिकॉनचे तंत्रज्ञानाचे. तिन्हींत प्रश्न एकच होता: एकटा पडलेला इलेक्ट्रॉन पुढे काय करतो? माणूस विषयांच्या कुंपणातून मोकळा झाला, तो एका प्रश्नाशी बांधलेला होता म्हणून. अशी बांधिलकी नसती तर ते नुसते भटकणे झाले असते. आणखी एक गोष्ट सरकारी नोकर या नात्याने आम्हांला सांगावीशी वाटते. ती संस्थाही सरकारीच आहे. उद्या काय उपयोग, हे ठाऊक नसताना तिने तेलाच्या आणि रक्ताच्या प्रश्नांना दशकानुदशके पगार, जागा आणि वेळ दिला. आमच्या शाळा पगार आणि जागा देऊ शकणार नाहीत; पण पाठ्यक्रमाबाहेरच्या एका प्रश्नासाठी तासातली दहा मिनिटे देणे कोणत्याही शासकीय परिपत्रकाच्या आड येत नाही.