मुदत

मराठीतील 'मुदत' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो मूळचा अरबी असून आपल्या उर्दूतही आहे. पण दोन्ही भाषांत त्याची छटा थोडी वेगळी आहे. उर्दूत 'मुद्दत' म्हटले, की पुष्कळदा लोटलेला मोठा काळ मनात येतो. मराठीत मुदत म्हणजे ठरवून दिलेला काळ. पैशांच्या व्यवहारात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

सरकार लोकांकडून कर्ज घेते, तेव्हा त्याबद्दल रोखा देते. रक्कम किती, व्याज किती आणि वर्षे किती, हे त्यात आधीच ठरलेले असते. भारत सरकारने 2003 साली आठ टक्के व्याजाचे बचत रोखे काढले. त्यांची मुदत 6 वर्षांची होती. व्याज दर सहा महिन्यांनी घेता येई किंवा साठवून शेवटी एकदम घेता येई. साठवले, तर 1,000 रुपयांचे 6 वर्षांनी 1,601 रुपये होत. मुदत संपल्यावर मात्र व्याज मिळणार नाही, असा नियमच होता.

आमच्या शेजारी एक खाला राहतात. शिवणकाम करून त्यांनी 2003 मध्ये 10,000 रुपयांचा असा रोखा घेतला होता. 2019 साली नातीच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून त्यांनी तो कागद पेटीतून काढला व माझ्याकडे आणला.

"बेटा, सोळा वर्षे झाली. आता तिप्पट तरी झाले असतील ना?" त्यांनी विचारले.

मी हिशोब मांडला. व्याज सोळा वर्षे चालू राहिले असते, तर सुमारे 35,000 रुपये झाले असते. पण मुदत 2009 मध्येच संपली होती. हाती येणार होते 16,010 रुपये. पुढची दहा वर्षे पैसे सुरक्षित होते, पण वाढत नव्हते. त्या काळात धान्य, पुस्तके, फी सारे महाग झाले होते. खाला बराच वेळ काही बोलल्या नाहीत. उरलेली फी भरण्यासाठी त्यांना कानांतले विकावे लागले.

यात कोणी कोणाला फसवले नव्हते. करार सहा वर्षांचा होता आणि तो पाळला गेला. कागद जपून ठेवला होता. त्यावरची तारीख तेवढी कोणी वाचली नव्हती.

पुढे 2018 साली पावणेआठ टक्क्यांचे रोखे निघाले. त्यांची मुदत 7 वर्षांची. म्हणजे त्यांतले पहिले रोखे जानेवारी 2025 मध्ये पूर्ण झाले. 2020 सालच्या रोख्यांची मुदतही 7 वर्षांचीच आहे. त्यांचे व्याज दर वर्षी 1 जानेवारीला व 1 जुलैला मिळते. साठवता येत नाही.

तुमच्या घरी असा एखादा कागद आहे का, हे आईवडिलांना, दादीला विचारा. तो केव्हा घेतला आणि मुदत किती वर्षांची, हे पाहा. दोहोंची बेरीज करून येणारी तारीख वहीत ठळक लिहा. ती बेरीज दुसरीतल्या मुलालाही येते. मात्र ती वेळेवर करावी लागते.