एएचटी नावाचा छळ

'कॉल सेंटर? म्हणजे नुसतं फोनवर बोलायचं ना?' असं विचारणाऱ्याला एकदा तरी हेडसेट घालून रात्रभर बसवावं. इंजिनिअरिंगनंतर मी आठ महिने पुण्यात हे केलं आहे. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. घड्याळ तिकडचं बदलतं, झोप इकडची सरकते.

पण खरा छळ एएचटीचा, म्हणजे एका कॉलला सरासरी किती वेळ लागला त्याचा. यामागचं गणित एर्लांग या डॅनिश माणसाचं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना त्याने १९१७ मध्ये सूत्रं मांडली. कॉल किती, प्रत्येकाला वेळ किती, यावरून माणसं किती लागतील ते निघतं. सगळे एजंट जवळजवळ शंभर टक्के बिझी झाले की रांग हळूहळू वाढत नाही, उसळतेच! माणसं वाढवणं महाग, म्हणून मग कॉल छोटा करा. आपला चहा, आपलं बाथरूम या हिशेबात 'श्रिंकेज'.

एकदा एका आजींचं वाय-फाय सुरू झालं तरी त्या फोन ठेवेनात. नवरा गेल्यावर घरात बोलायलाच कुणी नव्हतं. मी ऐकत राहिलो. टीम लीडने झापलं, पण त्यांच्या 'थँक यू, सन'वर माझे पुढचे दोन दिवस मस्त गेले.

एर्लांगचं गणित बरोबरच आहे हो. फक्त ऐकून घेण्याला त्यात व्हेरिएबल नाही. ते ज्याने त्याने पदरचं घालायचं.