उतारावरची ताल

परभणी जिल्हा म्हटले की गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची सपाट काळी जमीन डोळ्यांसमोर येते. जिंतूरकडे निघाले की मात्र ही सपाटी संपते. टेकड्या लागतात आणि काळा पाषाण जागोजागी डोके वर काढतो. अशाच एका उतारावर आमचे घर आहे. घरामागची माती दर पावसाळ्यात वाहून जाई. ती अडवावी, चार फुलझाडे लावावीत आणि पवित्र मरियेच्या पुतळ्यासमोर बसण्यापुरती जागा करावी, एवढीच आमची इच्छा होती.

२०१५ साली आम्ही भिंत घातली. बांधणारे वडार समाजातील एक वयस्क कारागीर होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. ते म्हणाले, "नुसत्या दगडाची ताल घालू, गुरुजी. सिमिटाचीच पाहिजे असंल तर पान्याला भोकं तरी ठिवा." आम्हांला ते रुचले नाही. भोकांतून गाळ ओघळेल, भिंतीवर डाग पडतील, असे आम्ही म्हणालो. पैसे आमचे होते, म्हणून शब्दही आमचाच चालला. गिलावा झाला, चुना लागला. रविवारच्या मिस्सेनंतर आलेल्या मंडळींनी कौतुक केले आणि, खोटे कशाला बोलावे, आम्ही ते सुखाने ऐकून घेतले.

ते वर्ष दुष्काळाचे होते. भिंत उभी राहिली ती पाऊस नव्हता म्हणून, हे आम्हांला कळले नाही. मागे भरलेली काळी माती उन्हाने भेगाळली. २०१६च्या सप्टेंबरात मराठवाड्यात धो धो पाऊस झाला. भेगांतून पाणी खोल उतरले, माती फुगली, आणि पाण्याला बाहेर पडायला एकही छिद्र नव्हते. ओल्या मातीचा भार आणि साठलेल्या पाण्याचा रेटा एकाच वेळी भिंतीवर आला. एका शनिवारी रात्री ती खालच्या पायवाटेवर आडवी झाली. त्याच वाटेने रविवारी सकाळी धर्मशिक्षणाची मुले येतात.

शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभू सांगतो. हा भाग आम्ही कितीदा ऐकला असेल. पण तो बुरूज बांधणाऱ्याचा विचार आमच्या मनाला कधी शिवला नव्हता. त्या सकाळी दगड उचलताना तो सारखा येत होता. यहेज्केल संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायातील गिलावा केलेली, पावसाने पडणारी भिंतही तेव्हाच आठवली.

मामांकडे जाऊन आम्ही चूक कबूल केली. ते एवढेच म्हणाले, "दगड तर हायेतच."

या वेळी काळी माती उकरून पाया मुरमापर्यंत नेला. चार फूट उंचीला तळाशी दोन फूट रुंदी धरली आणि भिंतीला वर जाताना फुटामागे दोन इंच असा उताराकडे कल दिला. सांध्यावर सांधा येऊ दिला नाही. मधूनमधून लांब दगड आडवे घालून त्यांची शेपटे आत खोलवर रुतवली, फटींत चिपा ठोकल्या. भिंतीमागे फूटभर खडीचा थर, त्यामागे माती. सिमेंट कोठेच नाही. मामा एकेक दगड हातात फिरवून पाहत. कधी तो ठेवून देत आणि तासाभराने नेमका तोच मागत. आम्ही दगड देण्याचे काम केले, आणि तेही दोनदा चुकलो.

पुढच्या मृगात सांध्यासांध्यांतून पाणी पाझरू लागले. भिंतीवर डाग पडले, शेवाळही धरले. मुले त्याच वाटेने येतात.

मामांनी जाताना एकच काम सांगितले होते: फटीत पिंपळाचे रोप दिसले की बोटाएवढे असतानाच उपटायचे. दर पावसाळ्यात दोन-तीन तरी निघतात.