उजेड कुठून येत होता?

शाळेच्या शेवटच्या वर्षी मी एक चोरी केली होती. ती ज्यांनी पकडली त्यांनी ती कुणालाही सांगितली नाही. मला शिक्षाही केली नाही. त्यांचे आभार मी वेळेवर मानले नाहीत. बारा वर्षांनी मानले, तेही फोनवर आणि अर्धवट. राहिलेलं इथे लिहिते आहे.

नववीपर्यंत मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात शिकले. कला संचालनालयाच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या, आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली. आमचे चित्रकलेचे सर शाळा भरण्याआधी तासभर जादा वर्ग घ्यायचे. टेबलावर चुण्या पाडलेली चादर, तिच्यावर तांब्या, दोन कांदे, एक बाटली. सर म्हणायचे, "आधी दहा मिनिटं नुसतं बघा. पेन्सिल उचलायची नाही." ती दहा मिनिटं मी पोस्टर कलरच्या बाटल्यांची झाकणं सैल करण्यात घालवायचे, कारण तांब्या कसा काढायचा हे मला पाठ होतं. स्मरणचित्रही पाठ होतं. डावीकडे झाड, उजवीकडे पाठमोरी बाई आणि मध्ये विषय येईल तसा बाजार किंवा एसटीचा थांबा. माझा हात स्वच्छ होता, रंग सपाट बसायचा, कडा फुटायच्या नाहीत. सगळे कौतुक करायचे. चित्रकला म्हणजे हेच, अशी माझी खात्री झाली होती.

2006 च्या उन्हाळ्यात बाबांच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीला आलो. पहिलं वर्ष मला वर्गात कुणाचं बोलणं नीट कळत नव्हतं. चित्रकलेच्या खोलीत बोलावं लागत नसे, म्हणून मी तिथे बसू लागले. बारावीला मी 'एपी स्टुडिओ आर्ट' हा विषय घेतला, त्यातला ड्रॉइंगचा भाग. एपी म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास. बाकीच्या एपी विषयांची तेव्हा मे महिन्यात लेखी परीक्षा व्हायची, या विषयाची नाही. वर्षभरात केलेली चित्रं हीच परीक्षा. तेव्हा पोर्टफोलिओचे तीन भाग असत. 'क्वालिटी'साठी पाच मूळ चित्रं पाठवायची, 18 बाय 24 इंचांपेक्षा मोठी नकोत. 'ब्रेड्थ'मध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या बारा चित्रांची छायाचित्रं. आणि 'कॉन्सन्ट्रेशन'मध्ये एकाच कल्पनेचा पाठपुरावा करणाऱ्या कामाची बारा छायाचित्रं, सोबत आपण काय शोधत होतो याचं थोडक्यात टिपण. 2019-20 पासून ही रचना बदलली आहे. आता तीनऐवजी दोनच भाग आहेत आणि मोठा भाग 15 छायाचित्रांचा आहे. एका गोष्टीमागे बराच काळ लागून राहायचं, ही अट मात्र कायम आहे.

तिथल्या रीतीप्रमाणे आम्ही शिक्षिकेला आडनावाने हाक मारायचो. माझ्या मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून 'बाई'च होत्या. त्या पहिल्या दिवशी त्यांनी खोलीच्या मध्यभागी खुर्च्यांचा ढीग रचला आणि कागदाकडे अजिबात न बघता त्याची बाह्यरेषा काढायला सांगितली. नजर खुर्चीच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवायची आणि हाताने तिच्या मागून जायचं. माझ्या कागदावर नुसता गुंता झाला. मला फार राग आला. मी चोरून कागदाकडे बघत दुसरी खुर्ची नीट काढली. बाईंनी दोन्ही चित्रं पाहिली आणि गुंता झालेलं भिंतीवर लावलं. मला तो अपमान वाटला.

ऑक्टोबरात चोरी झाली. ब्रेड्थसाठी एक व्यक्तिचित्र हवं होतं. प्रवासवर्णनांच्या एका गुळगुळीत मासिकात पागोटं बांधलेल्या म्हाताऱ्याचा फोटो होता. मी तीन रात्री जागून तो चारकोलमध्ये हुबेहूब उतरवला. प्रत्येक सुरकुती काढली, मिशीतला केस न् केस काढला. वर्गात सांगितलं की हे आमच्या गावचे आजोबा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तास संपल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं आणि विचारलं, "उजेड कुठून येत होता?"

मी म्हटलं, "खिडकीतून."

"डोळ्यांत उजेडाचे दोन ठिपके आहेत. दोन खिडक्या होत्या का?"

मी गप्प राहिले. छायाचित्रकाराने दोन बाजूंना दोन दिवे लावले असणार आणि दोन्ही त्या म्हाताऱ्याच्या बुबुळांत उतरले होते. मी ते ठिपके इमानदारीने उतरवले होते, पण ते कशाचे आहेत हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. दुसऱ्याचं छायाचित्र जसंच्या तसं उतरवणं या परीक्षेत वाङ्मयचौर्यासारखंच धरतात, हे आम्हाला सप्टेंबरातच सांगितलं होतं. बाईंनी त्या नियमाचा उल्लेखही केला नाही. त्या म्हणाल्या, "चित्र घरी घेऊन जा. यातलं तुझं काय आहे ते मला सापडलं नाही. तुला सापडलं तर सांग." गावच्या आजोबांबद्दल त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही.

घरी जाऊन मी तो कागद फाडला. विषय सोडायचंही ठरवलं. पण पुढच्याच आठवड्यात वर्गाची सहल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जाणार होती आणि तिचे पैसे भरून झाले होते, म्हणून गेले. त्या वर्षी तिथे जॉर्जो मोरांदी या इटालियन चित्रकाराचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. खोल्यांमागून खोल्या, आणि सगळीकडे त्याच बाटल्या, तेच डबे, त्याच सुरया. हा माणूस बोलोन्या शहरात आई आणि बहिणींसोबत राहिला, झोपायच्या खोलीतच चित्रं काढायचा, आणि त्याच मोजक्या वस्तू मागेपुढे सरकवत त्याने आयुष्यातली अनेक वर्षं काढली. मला आधी कंटाळा आला. मग एका चित्रापुढे बाई थांबल्या होत्या, म्हणून मीही थांबले. त्या काहीच बोलल्या नाहीत. दहा मिनिटं तरी झाली असतील. दोन बाटल्यांच्या मधली जागा ही रिकामी जागा नाही, तिलाही आकार आहे आणि चित्रकाराने तोही काढला आहे, हे मला तेव्हा दिसलं. आणि एकदम सर आठवले. त्यांची ती दहा मिनिटं आठवली. जे मला साताऱ्यात फुकट मिळत होतं, ते मी झाकणं सैल करण्यात घालवलं होतं.

त्याच सुमारास घरी वेगळंच चाललं होतं. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली. पाठोपाठ बाबांचं बँकेतलं प्रोजेक्ट बंद झालं आणि ते कामाविना बेंचवर आले. व्हिसा नोकरीला बांधलेला. दुसरं काम मिळालं नाही तर परत जायचं. आईने बजावलं होतं, "बाहेर कुणाला बोलायचं नाही." बाबा दिवसभर जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसायचे. मी पावणेतीनला शाळेतून आले की ते उठून आतल्या खोलीत जायचे, बसलेलं मी बघू नये म्हणून. टेबलावर त्यांचं सामान तसंच राहायचं. चष्मा, पेनाने खुणा केलेला बायोडाटा, पार्ल्याचा पुडा, चहाचा कप.

कॉन्सन्ट्रेशनसाठी मी आधी मोर, मेंदी आणि नऊवारी असा विषय लिहून दिला होता. परदेशी परीक्षकांना आवडेल, असा माझा हिशेब. बाईंनी कागद परत दिला आणि विचारलं, "यातलं तू रोज काय बघतेस?" रोज बघावं असं आमच्याकडे एकच होतं, आणि त्याबद्दल बोलायची बंदी होती. मी नुसतं लिहिलं, 'आमचं टेबल'. तिथे कोण बसतं, हे बाईंनी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की बारा चित्रं होईपर्यंत टेबल बदलायचं नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल मी तेच टेबल काढत होते. पहिली चार चित्रं माझ्या जुन्या स्वच्छ हाताची, निर्जीव. बाईंनी पेन्सिल काढून घेतली आणि फक्त चारकोल आणि कणकेसारखं मळता येणारं खोडरबर ठेवलं. त्यांनी सांगितलं तसा मी आधी सगळा कागद कोळशाने करडा करून घ्यायची आणि मग त्यातून उजेड पुसून काढायची. करड्याच्या किती तरी जाती असतात हे मला तेव्हा कळलं. कपाच्या आतली सावली आणि कपाखालची सावली एक नसते. कागदाचा पांढरा आणि चष्म्याच्या काचेवरचा पांढरा एक नसतो. एकदा कपाचा काठ मी चार वेळा चुकवला आणि सगळं पुसायला निघाले, तर बाईंनी माझा हात धरला. "चारही राहू दे. तू चार वेळा बघितलंस ते दिसतंय." जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासाठी खोली उघडी ठेवायच्या. स्वतः सँडविच खात कोपऱ्यात काहीबाही काढत बसायच्या. काढलेलं बहुतेक वेळा फाडून टाकायच्या. आपल्या शिक्षिकेलाही जमत नाही आणि तरी त्या रोज बसतात, याचा मला किती आधार होता, हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं.

एप्रिलच्या शेवटी बाबांना ओहायोत काम मिळालं. मे महिन्यात पाच मूळ चित्रं मोठ्या चपट्या केसमध्ये घालून गेली. जुलैत निकाल लागला, पाचपैकी तीन. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला पाच मिळाले. तोवर आम्ही घर सोडलं होतं. मूळ चित्रं शाळेकडे परत आली, ती घेऊन जाण्याबद्दल बाईंची ईमेल आली. मी उत्तर दिलं नाही. तीनची लाज वाटली. त्यांनी माझ्यासाठी एवढा वेळ घालवला आणि मी तीनच आणले, हे त्यांच्यासमोर कसं सांगायचं, असं वाटलं. निकाल त्यांना माझ्याइतकाच ठाऊक होता, हे सुचलंही नाही.

मी चित्रकार झाले नाही. रुग्णालयात सोनोग्राफी करते. अंधाऱ्या खोलीत दिवसभर करडे रंग बघते आणि एका करड्यात दुसरा कुठे सुरू होतो ते शोधते. शिकाऊ असताना आमच्या वरिष्ठांनी एकदा विचारलं, इतकं थांबून बघायला कुठे शिकलीस? त्या संध्याकाळी मी बाईंना ईमेल लिहायला घेतली, पण पाठवली नाही. पाठवली ती 2021 मध्ये. त्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा फोन आला. मी रडत होते, त्यामुळे त्याच जास्त बोलल्या. खोली रिकामी करताना सपाट खणांच्या कपाटात माझी पाच चित्रं निघाली, ती त्यांनी घरी नेली होती. पत्ता मागितला. मी त्यांना मासिकातल्या म्हाताऱ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो मला आठवत नाही. टेबल आठवतंय."

पार्सल आलं तेव्हा आईबाबा माझ्याकडे राहायला आले होते. ती चित्रं बाबांनी कधी बघितलीच नव्हती. मी ती शाळेत न्यायची आणि शाळेतच ठेवायची. मी पाचही जमिनीवर मांडली. बाबा गुडघे धरून हळूच खाली बसले, चष्मा वर केला आणि तिसऱ्या चित्राजवळ वाकले. त्यात खुर्ची मागे ढकललेली आहे, कप भरलेला आहे, आणि पश्चिमेच्या दारातून आलेलं ऊन त्याच्या कानापर्यंत पोचलंय.

"हे फेब्रुवारीतलं," बाबा म्हणाले. "तू दाराला किल्ली लावलीस, तो आवाज आला म्हणून मी उठलो. चहा तसाच राहिला."